साडूच्या सौजन्याने

साडूला यातून काय मिळणार, याचा हिशेब बाइंडरने खळ ढवळता ढवळता मांडून टाकला. वाचनालयाच्या दारात पितळी पाटी, ही एक. करात सूट, ही दुसरी. पेपरात फोटो, त्यात कोट नवा आणि पोट जुनंच, ही तिसरी. आणि चौथी गोष्ट ग्रंथपालबाईंनी आत्ताच, घरात बारसं ठरल्यासारख्या आनंदाने सांगितली होती. जुन्या संग्रहातलं जे जे पान स्कॅन होऊन संगणकावर चढेल, त्या प्रत्येक पानाच्या तळाशी एक बारीक ओळ असणार होती. ‘यांच्या सौजन्याने’, आणि पुढे साडूचं नाव.

“प्रत्येक पानावर?” बाइंडरने विचारलं.

“प्रत्येक! आणि काय हो, तुमचे सख्खे साडू, आणि तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत? आम्ही इकडे निधीसाठी दारोदार फिरतोय, अर्जावर अर्ज करतोय, आणि देणारा माणूस तुमच्या घरातला!”

“साडू कुठे आपल्या घरातला असतो, बाई. तो बायकोबरोबर येतो. निवडायला मिळत नाही.”

बाई हसत हसत गेल्या. बाइंडरने खाली पाहिलं तर खळीत गुठळ्या झाल्या होत्या. तीस वर्षांत त्याच्या खळीत गुठळी झाली नव्हती.

वाचनालयाच्या मागच्या अंगाला, जिन्याखाली, त्याची खोली होती. एक लांब टेबल, एक दाबयंत्र, दाभणं, दोरे, पुठ्ठ्यांच्या चळती. शहरात पहिला छापखाना आला तेव्हापासूनचे पेपर, नगरपालिकेचे अहवाल, जुने नकाशे, बंद पडलेल्या मासिकांचे अंक, हे सगळं वरच्या मजल्यावरच्या कपाटांत होतं आणि त्यातलं जवळजवळ सगळं त्याच्या हातचं बांधलेलं होतं. त्या खंडांवर संपादकाचं नाव होतं, छापणाऱ्याचं होतं, एका जुन्या अहवालावर तर शाई पुरवणाऱ्याचंही होतं. बांधणाऱ्याचं नाव कुठेच नव्हतं, आणि त्याबद्दल त्याची आजवर तक्रारही नव्हती. आता त्याच पानांवर साडूचं नाव येणार म्हटल्यावर त्याला प्रथमच जाणवलं की आपलं नाही. मत्सराची ही एक सोय असते. दुसऱ्याच्या अंगावरचा कोट पाहिल्याशिवाय आपल्याला थंडी वाजतेय हे कळत नाही.

खरं म्हणजे सुरुवातीला थंडी साडूला वाजत होती. बाइंडरचं लग्न आधी झालं. तेव्हा सासरे ओळखीपाळखीत सांगायचे, “थोरला जावई वाचनालयात असतो. पुस्तकांत वावरणारा माणूस.” सासऱ्यांच्या घरी हातांची खुर्ची एकच होती, आणि ती जावयाची होती. मग धाकट्या मेहुणीने पसंत केला तो हातगाडीवर दुय्यम प्रतीच्या फरश्या विकणारा मुलगा. कोपरा उडालेल्या, रंग चुकलेल्या फरश्या. त्या लग्नात बाइंडरला त्याची मनापासून कीव आली होती. कीव करण्याइतकं स्वस्त सुख दुसरं नाही, आणि ते बाइंडरने चारपाच वर्षं पोटभर उपभोगलं.

पुढे हातगाडीचं दुकान झालं, दुकानाला काचेचं दार आलं, दारामागे थंड हवा आली. सासऱ्यांच्या बोलण्यात ‘पुस्तकांत वावरणारा’ हळूहळू ‘आपला तो साधा’ झाला. आणि खुर्ची गेली. तिच्यावरून ऊठ असं कुणीही म्हणालं नाही. एके दिवशी साडू आधी पोहोचला एवढंच. त्यानंतर तो नेहमीच आधी पोहोचत राहिला, कारण त्याच्याकडे गाडी होती.

स्कॅनिंग कंपनीचा माणूस आला तो हातात पातळ मोजे घालून. बाइंडरला पहिल्याच नजरेत तो आवडला. कागदाला हात लावण्याआधी मोजे घालणारा माणूस त्याला घरंदाज वाटायचा. बाईंनी वरून एक जाडजूड खंड आणून टेबलावर ठेवला. त्या माणसाने तो उघडायचा प्रयत्न केला, मग जरा जोर केला, मग दोन्ही तळव्यांनी दाबला.

“हे बांधलंय कुणी?”

बाइंडरने दाभण खाली ठेवलं. अशा प्रसंगासाठी लागणारा विनय त्याने तीस वर्षं तयार ठेवला होता.

“मीच. हाताचं आहे सगळं.”

“काय माणूस आहात हो तुम्ही! हे पुस्तक आहे की तिजोरी? उघडतच नाही!”

बाइंडरच्या बांधणीची गोष्ट अशी होती की जुन्या पेपरांची पानं सुटी आणि ठिसूळ. ती टिकावीत म्हणून तो सगळी चळत एकत्र धरून, कडेपासून बोटभर आत दाभणाने आरपार भोकं पाडायचा आणि मेण लावलेल्या दोऱ्याने आवळून शिवायचा. पान फाटेल पण टाका सुटणार नाही, हा त्याचा अभिमान. खंड खरोखरच अभेद्य व्हायचे. फक्त ते पुरते उघडत नसत, आणि शिलाईलगतची अक्षरं घडीत बुडून जायची. वाचक माना वाकड्या करून, एक डोळा मिटून त्या घडीत डोकावायचे. बाइंडरला आजवर ती त्यांची एकाग्रता वाटत आली होती.

“आता दोनच मार्ग,” तो माणूस बाईंना म्हणाला. “एक, सरळ पाठ कापायची. शिलाईच्या आतल्या बाजूने. पानं सुटी झाली की पत्त्यांसारखी मशीनमध्ये टाकायची. तुमच्या निधीत ते आरामात बसतं.”

“आणि शिलाईजवळची अक्षरं?” बाइंडरने विचारलं.

“जातील थोडी. ओळीतलं एखाददुसरं अक्षर. लोक अंदाजाने वाचतात.”

“आणि दुसरा मार्ग?” बाईंनी विचारलं.

“एकेक टाका हाताने उसवायचा, मग स्कॅन, मग यांच्याकडून पुन्हा बांधून घ्यायचं. जरा सैल. अक्षर न् अक्षर वाचेल. पण त्याला माणसं लागतात, महिने लागतात. खर्च जवळजवळ दुप्पट.”

तो मोजे काढून चहाला गेला. बाई बाइंडरकडे वळल्या.

“तुम्ही विचारता का साडूंना? आणखी थोडं देतील. आम्ही मागितलं तर भीक, तुम्ही मागितलं तर घरचा शब्द.”

“बघतो,” बाइंडर म्हणाला. ‘बघतो’ हा ‘नाही’चा धाकटा भाऊ आहे, हे बाईंना माहीत नसावं. त्या निश्चिंत झाल्या.

घरी त्याने हे बायकोला सांगितलं तेव्हा ती वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. हातातली घडी तिने थांबवली नाही.

“मग रविवारी जाऊ की. सहज म्हणून.”

“सहज? त्यांच्याकडे आपण सहज कधी गेलोय?”

“मग कामाचं म्हणून जाऊ. काम आहेच.”

“मी त्याच्यापुढे हात पसरू?”

“हात कशाला? तोंड उघडा. तेवढंच तुम्हाला जमत नाही. सगळं पोटात ठेवायचं आणि मग सोडा घेत बसायचं.”

“तुझ्या बहिणीचा नवरा आहे. तू विचार.”

“पुस्तकं माझी आहेत का?”

“माझी तरी कुठे आहेत? वाचनालयाची आहेत.”

“मग कापू द्यात की वाचनालयाला. तुम्ही का दुपारपासून उपाशी?”

रविवारी ते गेले.

साडूच्या घरात प्रत्येक खोलीला वेगळी फरशी होती, म्हणजे माणूस घर बघता बघता दुकानही बघून घ्यायचा. मेहुणी दारातच होती. “या भावजी! ताई, ये गं. चपला राहू द्या हो, फरशी काय, पुसता येते.” साडू जिन्यावरून जवळजवळ धावतच उतरला, “दादा!” म्हणाला, आणि बैठकीतली सगळ्यांत मोठी खुर्ची स्वतः ओढून त्याने बाइंडरला दिली. बाइंडर बसला, पण सुख लागलं नाही. मिळवलेली खुर्ची वेगळी आणि दिलेली वेगळी. देणाऱ्याकडे आणखी पाच होत्या.

“दादा, खरं सांगू?” साडू समोर पुढे सरकून बसला. “पैसे दिले खरे, पण तुमच्या त्या वाचनालयात पाऊल टाकायची छाती होत नाही मला. एकदा दारापर्यंत येऊन परत गेलो. वाटलं, आत काय मागायचं असतं तेच आपल्याला माहीत नाही. ही सारखी म्हणते, भावजी बघा कसं सगळं वाचून असतात, तुम्हाला बिलाशिवाय काही वाचता येत नाही.”

“म्हणतेच,” मेहुणी म्हणाली. “खोटं आहे का?”

बाइंडरच्या पोटात काहीतरी गार, छान उतरलं. पण साडू थांबला नाही.

“मला एकच वाचायचंय तिथलं. माझा बाप वीटभट्टीवर होता, माहितीये तुम्हाला. एकदा भट्टीची भिंत कोसळली, त्याने दोघांना ओढून काढलं बाहेर. स्वतःच्या पायाचं वाटोळं झालं, पण काढलं. सांगायचा की आपलं नाव पेपरात आलंय. त्याला वाचता येत नव्हतं. कुणीतरी वाचून दाखवलं होतं, तेवढ्यावर जन्मभर खूश. कुठल्या वर्षीचा पेपर, ते मी काढलंय शोधून. आता हे सगळं कॉम्प्युटरवर आलं की पहिलं पान मी तेच लावणार, आणि सगळ्यांसमोर स्वतःच्या तोंडाने वाचणार. चुकेन बिकेन, पण वाचणार.”

“चुकता कशाला,” बाइंडरची बायको म्हणाली आणि तिने नवऱ्याकडे पाहिलं. आता बोला, असं पाहिलं.

आणि तिला वाटलं त्याहून सोपं झालं, कारण साडूनेच दार उघडलं.

“बरं, पैसे कमी तर पडत नाहीत ना? बाईंनी सांगितला तो आकडा मी दिला. पण माझा धंद्याचा अनुभव असा, की पहिला आकडा कधी पुरत नाही. साधी न्हाणीघराची फरशी घेतली तरी तुटफुटीची वेगळी धरावी लागते. तुम्ही आतले आहात, संकोच करू नका. एक शब्द टाका, मी उद्या पाठवतो.”

इथे बाइंडरपुढे दोन रकाने होते. ‘हो’ म्हटलं तर शिलाई नीट उसवली जाणार, अक्षर न् अक्षर वाचणार, त्याचं आयुष्यभराचं काम पुन्हा त्याच्याच हाताने उभं राहणार, आणि साडू आज आहे त्याच्या दुप्पट मोठा होणार. ‘नाही’ म्हटलं तर स्वतःचं सगळं जाणार, पण साडू आहे तेवढाच राहणार. शहाणा माणूस इथे क्षणभरही अडला नसता. बाइंडरही अडला नाही.

“छे हो,” तो म्हणाला. “भरपूर आहेत. उरतील उलट.”

बायकोचा कप ओठांपाशी थांबला, आणि न पिता खाली आला.

परतताना गल्लीचं वळण आल्यावर तिने विचारलं.

“उरतील उलट?”

“हळू बोल. रस्ता आहे.”

“तुमची तीस वर्षं कापली गेली तरी चालतील, पण त्यांची पाटी बोटभर वाढायला नको. असंच ना?”

“तुला त्यातलं कळत नाही.”

“मलाच कळतं. तुम्हाला कळलं असतं तर बरं होतं.”

दुसऱ्या दिवशी बाईंनी विचारलं तेव्हा पहिल्या खोट्याला दुसऱ्याची गरज पडलीच. “विचारलं,” बाइंडर म्हणाला. “आणखी नाही जमणार म्हणाले.”

बाईंनी सुस्कारा सोडला. “असतंच हो या लोकांचं. पाटीपुरतं देतात.”

हे वाक्य बाइंडरने दिवसभर जिभेवर घोळवलं. त्या चवीत त्याला थोडी उदारताही सुचली. मशीन यायला अवकाश होता, तोवर हाताने जमतील तेवढे खंड मी उसवतो, म्हणाला. बाईंना भरून आलं. तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून चाललंय, असं त्या म्हणाल्या.

काम सुरू करण्याआधी त्याने वरून साडूने सांगितलेलं ते वर्ष उतरवलं. खंड टेबलावर ठेवला, पानं उलटत गेला. भट्टीची बातमी पहिल्याच स्तंभात होती, शिलाईला चिकटून. त्याने खंड खिडकीकडे तिरका धरला, अंगठ्याने घडी दाबली, एक डोळा मिटला. बातमीत नाव होतं. साडूच्या बापाचं पूर्ण नाव, ओळीच्या अगदी सुरुवातीला, अर्धं त्याच्या शिलाईच्या सावलीत. पुढे लिहिलं होतं, ‘या धाडसी कामगाराने’.

बाइंडरने ती ओळ पुन्हा एकदा वाचली. त्याचा स्वतःचा बाप दुसऱ्याच्या दुकानात कपडे शिवत म्हातारा झाला. त्याच्यावर कधी भिंत पडली नाही, त्याने कुणाला ओढून काढलं नाही, आणि त्याचं नाव दुकानाच्या पाटीवरसुद्धा नव्हतं, कारण पाटी मालकाची होती. म्हणजे पाटी, सूट, फोटो, पानापानावरची ओळ, एवढ्यावर भागलं नव्हतं. साडूला आता पेपरात आलेला बापही मिळणार होता.

त्याने खंड मिटला आणि उसवायच्या चळतीत ठेवला. सगळ्यांत खाली. मुद्दाम नाही, क्रमाने घ्यायचं म्हणून, असं त्याने सांगितलं. खोलीत तेव्हा ऐकायला दुसरं कुणी नव्हतं.

उसवायला बसल्यावर मात्र त्याला स्वतःची खरी ओळख पटली. टाका सापडायचा नाही, सापडला तर सुटायचा नाही, सुटला तर गाठ पलीकडे निघायची. स्वतःच्याच हातकामाला आईबहिणीवरून शिव्या देणारा तो बहुधा पहिलाच बाइंडर. एकेका खंडाला दिवस पुरेना, बोटांना चिरा पडल्या. बाई मधूनच डोकावून म्हणायच्या, “राहू द्या हो, किती कराल!” आणि तो म्हणायचा, “होईल तेवढं.” त्यात खोटं काही नव्हतं. जे झालं ते त्याने जीव ओतून केलं.

मशीन यायच्या आदल्या दिवशी दोन खंड उरले होते आणि वेळ एकाचा होता. वरचा होता पाणीपुरवठा खात्याच्या वार्षिक अहवालांचा. तो गेल्या कित्येक वर्षांत एकाही माणसाने मागितला नव्हता. खालचा होता ते पेपरचं वर्ष. बाइंडरने पाणीपुरवठा घेतला. क्रमाने तोच आधी होता. संध्याकाळपर्यंत नळांच्या दुरुस्तीचं अक्षर न् अक्षर सुरक्षित झालं.

दुसऱ्या दिवशी कापणी. पातं खाली यायचं, कण्हल्यासारखा एक आवाज व्हायचा, आणि खंडाची पाठ पट्टी होऊन खाली पडायची. पानाच्या पुढच्या बाजूला ओळींची पहिली अक्षरं जात होती, मागच्या बाजूला शेवटची. स्कॅनिंगवाला म्हणाला होता तसंच, एखाददुसरं. दुपारी बाइंडरने खाली पडलेल्या पट्ट्या केराच्या पिशवीत भरल्या. एक पट्टी उचलून त्याने ताणून पाहिली. त्यातला एकही टाका सुटलेला नव्हता.

उद्घाटनाला वाचनालयाच्या सभागृहात पडदा लावला होता. खुर्च्या भरल्या होत्या. दारात पितळी पाटी होती, पाटीखाली साडू होता, साडूच्या अंगावर नवा कोट होता. बाइंडरचा अंदाज तंतोतंत उतरला होता. दोघी बहिणी दुसऱ्या रांगेत शेजारी बसल्या होत्या.

ग्रंथपालबाईंनी आभार मानले. “त्यांनी, त्यांना जमेल तेवढी, मदत केली,” असं त्या म्हणाल्या, आणि ‘जमेल तेवढी’ या शब्दांना त्यांनी स्वल्पविराम असा दिला की पुढच्या रांगेतल्या चारदोन लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. साडूला ते कळलं नाही. त्याने हात जोडले आणि माइक घेतला.

“मी काही भाषण करणार नाही. मला येत नाही. फक्त एक पान वाचतो. त्यात माझ्या वडिलांचं नाव आहे.”

पडद्यावर पान आलं. पिवळं, मोठं, स्वच्छ. तळाशी बारीक ओळ होती. साडूने डोळे बारीक केले.

“ल्या... ल्या मंगळवारी दुपारी हराबा... हराबाहेरील...” तो थांबला. पुन्हा सुरुवात केली. “ल्या मंगळवारी दुपारी हराबाहेरील... टभट्टीची... टभट्टीची भिंत...”

मागे कुणीतरी खुदकन हसलं. दुसऱ्या कुणीतरी हळूच, पण ऐकू जाईल असं म्हटलं, “फरश्या मोजायला द्या रे त्यांना.” साडूच्या कपाळावर घाम आला. ओळीच्या सुरुवातीला अक्षर नाही, हे त्याच्या ध्यानात येण्याचा प्रश्नच नव्हता. ज्याला जन्मभर आपल्याला वाचता येत नाही असं ऐकावं लागलं, तो कागदात चूक शोधायला जात नाही. तो स्वतःत शोधतो. तो वाचत राहिला, अडखळत, बोट हवेत फिरवत. बापाच्या नावाची ओळ आली. नावाचं शेवटचं अक्षर तेवढं उरलं होतं, आणि आडनाव शिलाईच्या घडीत दुमडून पुसट झालं होतं. साडू ते अक्षर पुढच्या शब्दाला जोडून वाचून गेला. बापावरून तसाच पुढे गेला. बातमी संपली.

त्याने पुन्हा वरून खाली पाहिलं. मग माइक जरा लांब धरून म्हणाला, “नाही दिसत. बाप तर सांगायचा... दुसऱ्या अंकात असेल.” आणि मग बाइंडर दिसल्यावर त्याचा चेहरा एकदम खुलला. “दादा! दादा, तुम्ही या. तुम्ही वाचा. माझं शिक्षण किती, ते तुम्हाला माहीतच आहे.”

सभागृह हसलं. चांगल्या मनाने हसलं, पण हसलं.

बाइंडर उठला. माइकपर्यंत जाईतो त्याच्या घशात एक वाक्य तयार झालं होतं. इथली अक्षरं कापली गेलीयेत, यांची काही चूक नाही. एवढंच वाक्य. पण त्या वाक्याच्या मागे दुसरं उभं होतं, ‘का कापली?’, आणि त्याच्या मागे तिसरं, ‘जास्त पैसे कुणी नाकारले?’ ती रांग पाहून पहिल्या वाक्याने माघार घेतली.

“गेल्या मंगळवारी दुपारी शहराबाहेरील वीटभट्टीची भिंत कोसळून...” तो वाचू लागला. न अडखळता, न थांबता, घडीत डोकावून पाहिलेलं एकेक अक्षर जागच्या जागी ठेवत. सभागृह शांत झालं. नावापाशी आल्यावर त्याने आवाज चढवला आणि नाव वाचलं, आडनावासकट. “या धाडसी कामगाराने स्वतःच्या जिवाची पर्वा न करता...”

टाळ्या पडल्या. वाचनालयात तीस वर्षं काढली, पण त्याच्यासाठी टाळी अशी पहिल्यांदाच वाजली. बाईसुद्धा उभं राहून वाजवत होत्या. साडूने त्याचे दोन्ही हात धरले. डोळे भरले होते.

“होतं ना दादा? होतं ना तिथे?”

“होतं.”

“मला दिसलंच नाही हो. समोर होतं आणि दिसलं नाही.” त्याने हात सोडले नाहीत. “तुम्ही होतात म्हणून. नाहीतर मी बापाला खोटं पाडून घरी गेलो असतो.”

दुसऱ्या रांगेत मेहुणी डोळे पुसत बहिणीला म्हणाली, “भावजींसारखं वाचणारं नाही गं कुणी.”

“खरंय,” बाइंडरची बायको म्हणाली. तिचे हात मांडीवरच होते. “त्यांना नसलेलं पण वाचता येतं.”

मेहुणीला ते कौतुकच वाटलं.

घरी जाताना बायको बहिणीच्या गाडीतून गेली. बाइंडर चालत निघाला. टाळ्यांचा आवाज पहिल्या चौकापर्यंत कानात होता. दुसऱ्या चौकात तो पुन्हा आठवून पाहावा लागला.

तर शेवटी ज्याने त्याने दिलं ते असं. मशीनचे, माणसांचे आणि पाटीचेही पैसे साडूने दिले. शहराने अक्षरं दिली, म्हणजे ती गेली आहेत हे शहराला अजून माहीत नाही. बाइंडरने आपली शिलाई दिली आणि बदल्यात टाळ्या घेतल्या, तेव्हा त्याचं खातं, वरवर पाहता, चुकतं झालं. बायको त्याच्याशी आठवडाभर कामापुरतं बोलली.

आणि साडू दुसऱ्या दिवशी सकाळीच डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टरांनी दोनदा तपासलं. लांबचं उत्तम आहे म्हणाले, तुम्हाला काहीही झालेलं नाही. साडू ऐकेना.

“नाही डॉक्टर,” तो म्हणाला. “बापाचं नाव समोर होतं, एवढं मोठं, पडद्यावर. आणि मला दिसलं नाही. काहीतरी झालंयच.”

शेवटी डॉक्टरांनी त्याच्या समाधानासाठी अगदी बारीक नंबराचा एक चष्मा लिहून दिला. त्याचेही पैसे साडूनेच दिले.